घरात विंचू निघाला तर : अॅरिझोनातल्या फिनिक्स-चँडलरकडच्या आपल्या मंडळींसाठी

एप्रिल-मे लागला की आमचा, म्हणजे घरातले विंचू-किडे आवरणाऱ्यांचा, फोन रात्री साडेनऊनंतर वाजायला लागतो आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, "अहो बाथटबमध्ये विंचू आहे, ड्रेनमधून वर आलाय." ड्रेनमधून नाही येत तो. पाण्याच्या ओढीने भिंतीवरून फिरत फिरत टबात पडतो आणि गुळगुळीत पोर्सिलेनवर त्याला चढता येत नाही म्हणून सकाळपर्यंत तिथेच गोल गोल फिरत राहतो, एवढंच. हे आधी सांगायचं कारण म्हणजे लोक चार-चार दिवस ड्रेनला बूच लावून झोपतात आणि खरी वाट, म्हणजे गॅरेजच्या दाराखालची फट, तशीच उघडी राहते.

कुठला विंचू

अॅरिझोनात विंचवाच्या जाती पुष्कळ आहेत पण घरात सापडणारा आणि काळजी करायला लावणारा एकच, बार्क स्कॉर्पियन. पिवळट-वाळूच्या रंगाचा, सात-आठ सेंटिमीटरच्या आतला, नांग्या बारीक, शेपटीही बारीक. बाकीचे विंचू जमिनीवर राहतात, हा खडबडीत भिंतीवर चढतो, छताला उलटा लटकतो, आणि लटकणंच त्याला आवडतं, म्हणून दगड उचलताना हात खालून घालायचा नाही, तो दगडाच्या खालच्या बाजूला उलटा चिकटलेला असतो. कधीकधी पॅटिओवर इंगळीएवढं मोठं धूड दिसतं, १२-१४ सेंटिमीटरचं, केसाळ. ते बघून लोक किंचाळतात पण त्याचा डंख साधारण मधमाशीसारखा, खरा त्रास त्या बारक्या पिवळ्याचा. आकारावर जाऊ नका.

डंख बसला तर

जागा साबणाने धुवा, ओलं थंड फडकं ठेवा, आणि लगेच पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या हेल्पलाइनला, फोन लावा : १-८००-२२२-१२२२, फुकट आहे, २४ तास चालू असतो, नंबर आत्ताच फ्रिजवर लावून ठेवा. दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, चुना-हळद-कांदा काही नाही. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा आग, मुंग्या, बधिरपणा एवढंच होतं, जरा हात लागला तरी करंट बसल्यासारखं वाटतं, ते एक-दोन दिवस राहू शकतं. लहान मुलाचं मात्र वेगळं. डोळे इकडेतिकडे भिरभिरायला लागले, लाळ गळायला लागली, हातपाय झटकतंय, श्वास घ्यायला त्रास होतोय असं दिसलं तर त्या फोनवर थांबू नका, सरळ ९११ लावा. यावर अॅनास्कॉर्प नावाचं अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, आहे, मेक्सिकोत घोड्यांपासून बनतं, इथे २०११ मध्ये मंजूर झालं, कुणाला द्यायचं ते हॉस्पिटल ठरवतं.

आता एक गोष्ट हमखास होते. गावाहून व्हिडिओ कॉलवर काका सांगतात, प्राझोसिन (रक्तदाबाची गोळी) द्या. काका चुकीचे नाहीत, फक्त विंचू वेगळा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या डंखावर प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्रीही मिळाली, पण तो लाल विंचू हृदयावर आणि फुप्फुसांवर घाव घालतो. इथल्या विंचवाचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालतं, म्हणून औषधही वेगळं. घरातल्या गोळ्यांवर प्रयोग नको.

फवारणीबद्दल खरं सांगायचं तर

आम्ही फवारणीचे पैसे घेतो तरी सांगतो, नुसत्या फवारणीने विंचू जात नाही. तो पायांच्या टोकांवर चालतो, पोट जमिनीला लागत नाही, त्यामुळे औषधाला चिकटायला जागाच नसते, वर अंगावर मेणचट कवच, आणि महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. मग आम्ही फवारतो कशाला, तर त्याचं जेवण संपवायला. रातकिडे आणि झुरळं कमी झाली की विंचवाला तुमच्याकडे यायचं कारण कमी होतं. कुणी "एका स्प्रेत विंचूमुक्त घर" म्हणत दारावर आला तर आधी त्याचं राज्याच्या पेस्ट मॅनेजमेंट विभागाचं लायसन्स बघा. आणि ते सॉकेटमध्ये लावायचं आवाजवालं यंत्र, पुदिन्याचं तेल वगैरेवर पैसे घालवू नका, आम्ही ते यंत्र चालू असताना त्याच्याच खाली विंचू पकडलाय.

काळ्या लाइटची फेरी

विंचू शोधायला ह्याच्यासारखं काम दुसरं कुठलंच करत नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरवाला मिळाला तर उत्तम, ३९५ वालाही चालतो, आणि अंधार पडल्यावर तासाभराने अंगणातले सगळे दिवे बंद करून कंपाउंडच्या ब्लॉकच्या भिंतीजवळून हळू चाला. दोरे, डिटर्जंटचे डाग निळसर चमकतात, विंचू मात्र पोपटी, रेडियमच्या घड्याळासारखा, एकदा बघितला की परत ओळखायला चूक होत नाही. तो ब्लॉकच्या दोन ओळींमधल्या भेगेत डोकं खाली करून निवांत असतो, टॉर्च पडला तरी लगेच पळत नाही. तेव्हा १२ इंची चिमट्याने शेपटीजवळ धरायचा आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकायचा, काचेवर त्याला चढता येत नाही. चप्पल फेकू नका, नेम चुकला की तो खाली पडतो आणि मग तो कुठे गेला हे शोधत रात्र जाते. मे-जूनपासून पुढे मादीच्या पाठीवर २५-३० पिल्लं दिसतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण इथे शब्दशः बघायला मिळते, पण ती नवजात पिल्लं लाइटमध्ये चमकत नाहीत, पांढुरकी दिसतात, म्हणून आई पकडताना पिल्लं सांडणार नाहीत ते बघा.

आपल्या घरातल्या आपल्या सवयी

तुळशीची कुंडी. रोज पाणी, खाली ताटली, ताटलीखाली गारवा, आणि आसपास सगळं कोरडं वाळवंट, म्हणजे रातकिड्यांना आणि त्यांच्या मागोमाग विंचवाला आमंत्रणच. तुळस काढा म्हणत नाही आम्ही, कुंडी स्टँडवर ठेवा, दारापासून लांब, ताटलीत पाणी साचू देऊ नका. दुसरं, चपला-बूट दाराबाहेर किंवा गॅरेजच्या रॅकवर, सकाळी झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. तिसरं, पाहुणे आले की हॉलमध्ये जमिनीवर गाद्या पडतात आणि चादर लोळत असते, त्या चादरीवरून तो वर येतो, गाद्या भिंतीपासून हातभर लांब घाला आणि झोपायच्या आधी झटका. बाळाचा पाळणा भिंतीपासून लांब, झालर नको, पायाखाली काचेचे ग्लास ठेवले की झालं.

आणि सगळ्यात जास्त फोन कधी येतात माहितीये, गणपतीच्या आधी. मखर आणि थर्माकोल वर्षभर गॅरेजमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि ती खोकी उघडायची वेळ बरोबर इथल्या मान्सूनमध्ये, म्हणजे विंचू सगळ्यात जास्त हिंडतात तेव्हा. मागे एका घरी मखराच्या पुठ्ठ्याच्या घडीत तीन निघाले, वहिनींनी खोकं तसंच अंगणात नेऊन ठेवलं होतं म्हणून बरं. खोकी प्लास्टिकच्या घट्ट झाकणाची घ्या, पुठ्ठा नकोच.

फटी बुजवणं

खरा इलाज हाच, आणि निम्मं काम तुम्ही स्वतः करू शकता. साधारण क्रेडिट कार्ड जाईल एवढी फट त्याला पुरते. रात्री गॅरेजमधला दिवा लावा, घरातला बंद करा, दाराखालून किंवा बाजूने उजेडाची रेघ दिसली तर तिथे रबराची पट्टी बदलायची. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे तांब्याची जाळी कोंबून सीलंट. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आणि छतातले गोल लाइट यांच्या कडा, कारण तो अॅटिकमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून, खाली येतो आणि वरूनच पडतो. झाडाची फांदी छताला टेकत असेल तर कापा, पामच्या वाळक्या झावळ्या काढून टाका. एक मात्र करू नका, बाहेर स्टकोच्या, म्हणजे भिंतीवरच्या गिलाव्याच्या, खालच्या कडेला पत्र्याची पट्टी असते ना, ती सिलिकॉनने बुजवायची नाही, तिथून भिंतीतली ओल बाहेर पडते. बऱ्याच जणांनी उत्साहात बुजवलेली असते आणि मग आम्ही अर्धा दिवस खरवडत बसतो.

उन्हाने विंचू मरेल ही आशा सोडा. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस दिवसाचा पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेला, त्या दिवसांत तो गारव्यासाठी उलट आतच येत होता.

आम्हाला बोलवायचं असेल तर

पहिली फेरी रात्रीचीच, फुकट. त्या संध्याकाळी बागेला पाणी घालू नका, कुत्रा आत ठेवा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की भिंतीजवळ जांभळा टॉर्च घेऊन वाकून फिरणारे ते आम्हीच आहोत. मागे एकदा सांगायचं राहिलं आणि आमच्या मेव्हण्याला हातात चिमटा आणि बरणी घेऊन पोलिसांना विंचू दाखवावा लागला.