मिसिसिपी त्रिभुज प्रदेश सर्वेक्षण

मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातील पूर, विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) आणि गाळ यांचा अमेरिकेच्या संघराज्य सरकारने करविलेला शास्त्रीय अभ्यास. याचा काळ सामान्यतः १८५०–६१ असा देतात. मात्र मधली काही वर्षे काम बंद होते. १८४९ व १८५० च्या महापुरांनंतर अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) त्यासाठी ५०,००० डॉलर मंजूर केले. लष्कराच्या भूमापन अभियंता दलातील कॅप्टन अँड्र्यू हम्फ्रीझ आणि मुलकी अभियंता चार्ल्स एलेट यांनी स्वतंत्रपणे कामास आरंभ केला. एलेट यांचा अहवाल १८५२ मध्ये छापून झाला. हम्फ्रीझ १८५१ मध्ये आजारी पडले. १८५७ मध्ये लेफ्टनंट हेन्री अ‍ॅबट यांच्या साहाय्याने त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि १८६१ मध्ये, यादवी युद्ध सुरू झाले असताना, दोघांचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला.

मोजणीची मुख्य ठाणी न्यू ऑर्लीन्सजवळचे कॅरलटन व वरच्या अंगाची काही गावे येथे होती. खोल पाण्यातील वेग जोड-तरंगकाने मोजत. तळ व झाकण नसलेले लहान लाकडी पिंप शिशाचा भार लावून इच्छित खोलीवर सोडायचे, ते दोरीने पृष्ठावरील हलक्या तरंगकाला बांधायचे आणि ठरावीक अंतर कापण्यास त्याला लागणारा वेळ काठावरून कोनमापकाच्या साहाय्याने टिपायचा. खोल पाण्यात दोरीवरही प्रवाहाचा जोर येतो आणि खालचे पिंप ओढले जाते. त्यामुळे तळालगतचा वेग प्रत्यक्षाहून जास्त दिसतो, हा पुढे घेतला गेलेला आक्षेप योग्य वाटतो. तरीही महत्तम वेग पृष्ठावर नसून साधारणपणे खोलीच्या तीन-दशांशावर असतो आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे ही पातळी वरखाली होते, हे निरीक्षण मोलाचे होते. नदी वर्षाला सुमारे ४०.६ कोटी टन गाळ मेक्सिकोच्या आखातात नेते, हा त्यांचा अंदाज नंतरच्या लेखनात वारंवार उद्धृत झाला.

त्यांचे वेगाचे सूत्र मात्र टिकले नाही. प्रवाहाचा वेग काढण्याच्या प्रचलित शेझी सूत्रात वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. हम्फ्रीझ–अ‍ॅबट यांच्या सूत्रात तो चतुर्थमुळाच्या प्रमाणात धरला होता आणि पात्राच्या खडबडीतपणाला जागाच नव्हती. मंद उताराच्या मिसिसिपीवर जुळणारे हे सूत्र आल्प्समधील तीव्र उताराच्या प्रवाहांना लागू पडेना. स्विस अभियंते गांगिये व कटर यांनी १८६९ मध्ये खडबडीतपणाचा गुणांक असलेले सूत्र मांडले. भारतातील कालव्यांच्या आखणीत ते दीर्घकाळ वापरले गेले.

सर्वाधिक वाद पूरनियंत्रणाच्या शिफारशीवर आहे. वरच्या खोऱ्यातील वाढती शेती, लांबत गेलेले तटबंध आणि नदीची तोडून सरळ केलेली वळणे यांमुळे पूर वाढतात, असे एलेट यांचे मत होते. तटबंधांच्या जोडीला जलाशय व सांडवाटा (पुराचे जादा पाणी बाजूला काढून देणारे मार्ग) हव्यात, असे ते म्हणत. हम्फ्रीझ–अ‍ॅबट यांनी मोजमापांच्या आधारे जलाशय अव्यवहार्य ठरवून तटबंधांचा पुरस्कार केला. यावरून ‘केवळ तटबंध’ या धोरणाचे जनकत्व त्यांना दिले जाते. पण ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पुढे या धोरणाचा आधार होता तो असा, की कोंडलेला प्रवाह स्वतःच तळ खरवडून खोल करतो. हम्फ्रीझ यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते तळ कठीण निळ्या चिकणमातीचा असल्याने तो खरवडला जाणार नव्हता, आणि म्हणूनच सांडवाटांमुळे पात्र गाळाने भरेल ही भीतीही त्यांनी खोडून काढली होती. सांडवाटा नाकारल्या त्या खर्च व धोका यांमुळे. निष्कर्ष एक असला तरी कारणे परस्परविरुद्ध होती. तळाविषयीचे त्यांचे मत पुढील अभ्यासात टिकले नाही, हेही नमूद करायला हवे.

याच मतभेदामुळे, १८६६ पासून अभियंता दलाचे प्रमुख असलेल्या हम्फ्रीझ यांनी अभियंता जेम्स ईड्स यांच्या, नदीच्या साउथ पास या मुखावरील जेटींना (प्रवाह कोंडून तळ खरवडायला लावणाऱ्या समांतर बांधांना) कडवा विरोध केला. १८७९ पर्यंत तेथे सुमारे ९ मी. खोलीचा जलमार्ग तयार झाला. त्याच वर्षी मिसिसिपी नदी आयोग स्थापन झाला व हम्फ्रीझ निवृत्त झाले. एलेट तोवर हयात नव्हते. याच नदीवरील मेंफिसच्या लढाईत जखमी होऊन १८६२ मध्ये ते मरण पावले होते.

१९२७ च्या महापुरात तटबंध फुटून सुमारे ७०,००० चौ.किमी. प्रदेश पाण्याखाली गेला. १९२८ च्या कायद्याने सांडवाटा स्वीकारल्या गेल्या. न्यू ऑर्लीन्सच्या वरच्या अंगाला बॉने कॅरे सांडवा १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि एलेट यांनी वाढवण्यास सुचवलेल्या अ‍ॅचाफलाया या मिसिसिपीच्या फाट्याच्या खोऱ्यातूनही पूरमार्ग आखण्यात आला.