सर्जन-कारकून (हडसन्स बे कंपनी)

सर्जन-कारकून : उत्तर अमेरिकेतील फर-व्यापाराच्या काळात हडसन्स बे कंपनीने दूरच्या वखारींवर नेमलेल्या डॉक्टरचा हुद्दा. नॉर्थ वेस्ट कंपनी १८२१ मध्ये तिच्यात विलीन झाल्यानंतर या नेमणुकांना अधिक महत्त्व आले. ‘फोर्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वखारींत डॉक्टर सकाळी रोगी पाही आणि दुपारी बीव्हर या फरदार प्राण्याची कातडी मोजून वहीत मांडी. हुद्द्यातला दुसरा शब्दच बहुधा वजनदार ठरे, कारण बढती मिळे ती व्यापारात. कंपनीच्या कोलंबिया विभागाचा (पॅसिफिक किनाऱ्याकडील प्रदेशाचा) प्रमुख जॉन मॅक्लॉक्लिन (१७८४–१८५७) हाही मुळात डॉक्टरच होता.

या वाटचालीचे ठळक उदाहरण म्हणजे विल्यम फ्रेझर टॉल्मी (१८१२–१८८६). जन्म स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसचा, वैद्यकीय शिक्षण ग्लासगोत. त्याला सर्रास ‘डॉक्टर’ म्हटले जाते. तथापि त्याच्याजवळ होता तो ग्लासगोच्या वैद्य-शल्यवैद्य मंडळाचा परवाना, एम्.डी. पदवी नव्हे. १८३२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांच्या शिफारशीने मेरेडिथ गेर्डनर आणि तो कंपनीत लागले व १८३३ च्या वसंतात कोलंबिया नदीवरील फोर्ट व्हँकूव्हरला पोहोचले. उत्तरेकडे जाताना टॉल्मीला फोर्ट निस्क्वालीत अडकून पडावे लागले, कारण तिथल्या एका कामगाराच्या पायावर कुऱ्हाड बसली होती. जखम भरत आल्यावर औषधी वनस्पती गोळा करण्याचे निमित्त सांगून तो स्थानिक वाटाड्यांसह माउंट रेनियरच्या बर्फाळ उतारांवर गेला. त्या भागात पोहोचलेला तो पहिला युरोपीय समजला जातो. तो नेमका कोणत्या कड्यावर चढला याविषयी मतभेद आहेत. ‘टॉल्मी पीक’ हे नाव मागाहूनचे असल्याने त्यावरून काही ठरवणे योग्य नाही.

वैद्यकाचा खरा कस लागला तो पाळीच्या (ठरावीक दिवसांआड उलटणाऱ्या) तापात. ही साथ १८३० च्या उन्हाळ्यात फोर्ट व्हँकूव्हरच्या परिसरात उद्भवली आणि पुढील काही वर्षे दर उन्हाळ्यात परतत राहिली. किनाऱ्यावरील लोक तिचा दोष ‘ओवायही’ या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाला देत. रोग कोणता, यावर बराच वाद झाला. इन्फ्लुएंझा व टायफस ही मते मांडली गेली. संशोधक एस. एफ. कुक यांनी १९५५ मध्ये हिवतापाचा पक्ष घेतला आणि आज तोच अधिक ग्राह्य वाटतो. ताप ठरावीक दिवसांआड थंडी वाजून येई, सखल दमट खोऱ्यांपुरता राही, थंडीत ओसरे, क्विनीनने (आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत ‘कोयनेल’ने) उतरे. शिवाय तिथे ॲनॉफिलीस डास आहेत. आक्षेप उरतो तो प्रचंड मृत्युसंख्येचा. त्याचे एक स्पष्टीकरण असे, की घाम काढणाऱ्या झोपडीतून निघून थंड पाण्यात उडी घेण्याचा प्रचलित उपचार तापकऱ्याला घातक ठरला. त्या भागातील चिनूक व कालापूया या मूळ रहिवासी भाषिकांची लोकसंख्या सु. १५,५०० वरून १८४१ च्या सुमारास सु. १,९०० वर आली, असा एक अंदाज आहे. वखारीतले क्विनीन संपले, तेव्हा स्थानिक डॉगवुडच्या झाडावर भागवावे लागले.

याच तापाने १८३० मध्ये दगावलेल्या कॉमकॉमली या चिनूक प्रमुखाची कवटी गेर्डनरने १८३५ मध्ये थडग्यातून काढून इंग्लंडला पाठवली. तो स्वतः १८३७ मध्ये होनोलुलूत क्षयाने वारला.

फोर्ट मॅक्लॉक्लिन येथे १८३५ मध्ये लोहाराच्या भट्टीत जळणारा इंग्लंडचा कोळसा पाहून एका स्थानिक पाहुण्याने सांगितले, की असा काळा दगड आमच्याकडेही आहे. टॉल्मीने ही बातमी वर कळवली. पुढे त्याच कोळशासाठी १८४९ मध्ये फोर्ट रूपर्ट उभारले गेले आणि १८५० मध्ये तिथे जॉन सेबॅस्टियन हेल्मकेन (१८२४–१९२०) डॉक्टर म्हणून आला. तो नंतर व्हँकूव्हर बेटाच्या विधानसभेचा सभापती झाला. टॉल्मी मात्र १८४३ पासून निस्क्वालीचा कारभारी झाला, म्हणजे मेंढ्या, गुरे आणि शेती. १८५५ मध्ये तो मुख्य फॅक्टर (कंपनीचा वरिष्ठ व्यापारी अधिकारी) झाला, १८५९ मध्ये व्हिक्टोरियात स्थायिक झाला. जॉर्ज डॉसनसमवेत त्याने केलेला ब्रिटिश कोलंबियातील जमातींचा तौलनिक शब्दसंग्रह १८८४ मध्ये निघाला. पक्षिशास्त्रात त्याचे नाव चमत्कारिक रीतीने टिकले आहे : टाउनसेंड या निसर्गअभ्यासकाने एका वार्बलरला (छोट्या गाणाऱ्या पक्ष्याला) दिलेले टॉल्मीचे नाव शास्त्रीय नावात राहिले, पण प्रचलित इंग्रजी नाव पक्षिचित्रकार ऑड्युबॉनच्या आग्रहामुळे मॅक्गिलिव्हरी या दुसऱ्याच स्कॉटचे पडले.

फोर्ट पेलीचा विल्यम टॉड याची कामगिरी शुद्ध वैद्यकीय होती. मिसूरी नदीकाठी देवीची साथ पसरल्याची कुणकुण लागताच १८३७ च्या सप्टेंबरात त्याने क्री या स्थानिक जमातीच्या लोकांना देवी टोचायला सुरुवात केली, आणि टोचण्याची रीत त्यांच्यापैकी काहींना शिकवून लस त्यांच्या हाती दिली. त्याच साथीत मिसूरीकाठची मँडन जमात जवळजवळ नामशेष झाली.