कोंसेई देताचे उपाध्यक्ष

कोंसेई देता म्हणजे राज्य परिषद हे फ्रान्सचे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय आहे आणि उपाध्यक्ष हे त्याचे प्रमुखपद. नावात ‘उप’ असला तरी संस्थेचा कारभार याच व्यक्तीच्या हाती असतो. परिषदेच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान पंतप्रधान आणि त्यांच्या गैरहजेरीत न्यायमंत्री घेऊ शकतात. मात्र ही तरतूद बहुधा कागदावरच राहते आणि खटल्यांच्या निवाड्याशी तिचा संबंध नसतो. उपाध्यक्षांची नेमणूक न्यायमंत्र्यांच्या प्रस्तावावरून मंत्रिमंडळाच्या बैठकीत होते. नववर्षाला राष्ट्राध्यक्षांपुढे राज्याच्या सेवकांच्या वतीने शुभेच्छा देण्याचा मानही त्यांचाच.

परिषदेची स्थापना नेपोलियनच्या काळात, १७९९ च्या संविधानाने झाली. विधेयके व फर्माने यांवर सरकारला सल्ला देणे आणि त्याच सरकारविरुद्धचे दावे निकालात काढणे, अशी दोन्ही कामे ती करते. भारतात सरकारी निर्णयाविरुद्धची रिट याचिका उच्च न्यायालयात जाते. फ्रान्समध्ये नेहमीच्या न्यायाधीशांनी प्रशासनात हात घालायचा नाही, असे क्रांतीपासूनचे धोरण आहे आणि त्यामुळे प्रशासनासाठी न्यायाधीशांचा वेगळा वर्ग तयार झाला. हा वर्ग वकिलीतून येत नाही, तो राज्ययंत्रणेतच वाढतो. उपाध्यक्षांच्या चरित्रांतही म्हणूनच न्यायासनापेक्षा मंत्रालये, वकिलाती आणि महामंडळेच अधिक दिसतात.

२४ मे १८७२ च्या कायद्याने परिषदेला स्वतःच्या नावाने निवाडा देण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, पॅरिस कम्युन या शहरातील उठावाच्या धुमाकुळात, तिची ऑर्से येथील इमारत दप्तरासकट जळाली होती. १८७५ पासून परिषद पाले रॉयालमध्ये आहे. नव्या व्यवस्थेतले पहिले उपाध्यक्ष ओदिलों बारो हे मुरलेले राजकारणी होते. १८४८-४९ मध्ये त्यांनी सरकारचे नेतृत्व केले होते. १८७३ मध्ये ते वारले.

संस्थेला घडवणारा पहिला उपाध्यक्ष म्हणून एदुआर लाफेरिएर (१८४१-१९०१) यांचेच नाव घ्यावे लागते. १८८६ ते १८९८ अशी बारा वर्षे ते या पदावर होते. प्रशासकीय न्यायावरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८८७-८८ मध्ये निघाला आणि विखुरलेल्या निवाड्यांना त्याने शास्त्राची मांडणी दिली. १३ डिसेंबर १८८९ चा कादो निवाडा त्यांच्याच काळातला. मार्से नगरपालिकेने आपल्या रस्ते व पाणी विभागाचे अभियंता कादो यांचे पदच रद्द केले आणि त्यांनी भरपाई मागितली. तोवर असे प्रकरण आधी मंत्र्यापुढे जाई आणि मंत्रीच पहिला न्यायाधीश मानला जाई. कादो निवाड्याने ही समजूत मोडली, थेट परिषदेकडे येण्याची वाट खुली झाली. पुढे लाफेरिएर अल्जीरियाचे गव्हर्नर जनरल झाले. तिथे तेव्हा ज्यूविरोधी दंगलींनी थैमान घातले होते. वसाहतीचा कारभार बघून ते पुन्हा न्यायाच्या क्षेत्रात परतले आणि सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाचे महाअभियोक्ता झाले. न्यायाधीश, राज्यपाल, सरकारी वकील अशी एकाच माणसाची सरमिसळ त्या काळी कोणाला खटकली नाही.

१९२३ ते १९२८ या काळात तर पद एका अभियंत्याकडे होते. क्लेमां कोल्सों हे पूल-रस्ते खात्यातले अभियंते आणि नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ मात्र संस्थेला भूषणावह नाही. आल्फ्रेद पोर्शे यांच्या उपाध्यक्षपदाखाली परिषदेने व्हिशी राजवटीशी, म्हणजे जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या पेतँ यांच्या सरकारशी, जुळवून घेतले. ऑक्टोबर १९४० च्या ज्यूविरोधी कायद्याने तिच्या ज्यू सदस्यांना बाहेर काढले आणि १९४१ मध्ये उरलेल्यांनी मार्शल पेतँ यांच्याशी निष्ठेची शपथ घेतली. फ्रान्स मुक्त झाल्यावर पोर्शे गेले आणि त्यांच्या जागी संस्थेबाहेरचा माणूस आला.

तो माणूस म्हणजे रेने कासँ (१८८७-१९७६). बायोन येथे एका ज्यू घरात जन्मलेले कासँ हे कायद्याचे प्राध्यापक. १९१४ मध्ये रणांगणावर ते पोटात गंभीर जखमी झाले. पुढे त्यांनी माजी सैनिकांची चळवळ उभी केली आणि राष्ट्रसंघात फ्रान्सचे प्रतिनिधित्व केले. जून १९४० मध्ये लंडनला जाऊन ते जर्मनीविरुद्ध लढा चालू ठेवणारे जनरल द गॉल यांना मिळाले. चर्चिल आणि द गॉल यांच्यातला ऑगस्ट १९४० चा करार कायद्याच्या भाषेत बसवला तो त्यांनी. व्हिशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. अशा माणसाला १९४४ मध्ये उपाध्यक्ष केले, यात परिषदेचा कलंक धुण्याचा हेतू उघड होता.

ते १९६० पर्यंत पदावर राहिले. त्याच काळात त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केले. भारताच्या प्रतिनिधी आणि मुंबई विधान परिषदेच्या सदस्य हंसा मेहता याच आयोगात होत्या. घरच्या आघाडीवर १९५३ च्या सुधारणेने प्रांतोप्रांती प्रशासकीय न्यायाधिकरणे उभी राहिली आणि परिषदेवरचा दाव्यांचा भार हलका झाला. २८ मे १९५४ च्या बारेल निवाड्याने, राजकीय मतांवरून उमेदवाराला प्रशासकीय महाविद्यालयाच्या परीक्षेला बसू न देणे बेकायदा ठरवले. कासँ १९६५ ते १९६८ या काळात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे अध्यक्ष होते. गंमत अशी, की ज्या कराराचे हे न्यायालय, त्याला खुद्द फ्रान्सने मान्यता दिली ती १९७४ मध्ये! १९६८ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले आणि जन्मशताब्दीला, १९८७ मध्ये, त्यांचे अवशेष पँथेऑन या पॅरिसमधील थोरांच्या समाधिस्थळी हलवले गेले.

त्यांच्यानंतरचे आलेक्सांद्र पारोदी (१९६०-७०) हे परिषदेतच वाढलेले. ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त होताना, ते तिथे द गॉल यांचे गुप्त प्रतिनिधी होते. नंतर ते कामगारमंत्री झाले. १९४५ च्या सामाजिक सुरक्षेच्या वटहुकुमांची पायाभरणी त्यांच्याच मंत्रालयात झाली. त्यानंतर संयुक्त राष्ट्रे, परराष्ट्र मंत्रालयाचे महासचिवपद, मोरोक्कोतील वकिलात असा प्रवास झाला. थोडक्यात, द गॉल यांचा विश्वासू माणूस. आणि नेमके याच माणसाच्या कारकिर्दीत परिषदेने तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या द गॉल यांना सर्वांत मोठा धक्का दिला. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या सशस्त्र संघटनेचा एक म्होरक्या आंद्रे कानाल याला खास लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला होता. १९ ऑक्टोबर १९६२ रोजी परिषदेने ते न्यायालय स्थापणारा वटहुकूमच रद्द केला. त्या न्यायालयाच्या निकालावर कोठेही दाद मागता येत नव्हती, आणि परिस्थिती कितीही बिकट असली तरी कायद्याच्या सर्वसामान्य तत्त्वांवर इतका मोठा घाला घालता येत नाही, असे कारण दिले. द गॉल संतापले. परिषदेच्या फेररचनेसाठी समिती नेमली गेली आणि १९६३ मध्ये बदलही झाले, पण तिचा अधिकार शाबूत राहिला. कानालचा मृत्युदंड पुढे माफ झाला. सरकारच्या माणसांनी भरलेले न्यायालय सरकारला वाकवू शकते का, या प्रश्नाला फ्रेंच कायदेपंडित आजही हाच दाखला देतात. एका दाखल्यावर सारी भिस्त ठेवणे मात्र जरा जास्तच होते.

१९७१ ते १९७८ या काळात उपाध्यक्ष असलेले बेर्नार शनो हे त्याआधी आरोग्यमंत्री, न्यायमंत्री, संविधान परिषदेचे सदस्य आणि सरकारी विमा कंपनीचे प्रमुख होते. मार्सो लों (१९८७-९५) यांची वाट आणखी वेगळी: सरकारी रेडिओ-दूरचित्रवाणी, मग सरकारचे महासचिवपद, आणि उपाध्यक्ष होण्याआधी एअर फ्रान्सचे अध्यक्षपद. प्रमुख निवाड्यांचा जो संग्रह प्रत्येक फ्रेंच विद्यार्थी पाठ करतो, त्याच्या मूळ तीन संपादकांपैकी ते एक. २० ऑक्टोबर १९८९ च्या निकोलो निवाड्याने परिषदेने आंतरराष्ट्रीय करार नंतरच्या देशी कायद्यापेक्षाही श्रेष्ठ मानला, तो त्यांच्याच काळात.

लों यांच्यानंतरचे रनो दनुआ द सँ मार्क (१९९५-२००६) आणि झाँ-मार्क सोव्हे (२००६-१८) हेही सरकारचे महासचिव राहिलेले. मंत्रिमंडळाची विषयपत्रिका सांभाळणारा आणि विधेयके परिषदेकडे धाडणारा अधिकारीच पुढे परिषदेचा प्रमुख, असे लागोपाठ तीनदा घडले. भारतात प्रशासकीय न्यायाधिकरणांवर सनदी अधिकारी सदस्य असतात, पण निवृत्त मुख्य सचिवाने सर्वोच्च न्यायपीठ चालवावे हे आपल्याला पचणार नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयालाही सल्लागार-न्यायाधीश हे मिश्रण अडचणीचे वाटले. १९९५ मध्ये लक्झेंबर्गच्या राज्य परिषदेबाबत त्याने दोष काढला, मात्र फ्रान्सची दुहेरी भूमिका २००६ मध्ये तत्त्वतः चालवून घेतली. मार्च २००८ च्या फर्मानाने नियम लेखी झाला: ज्या मसुद्यावर सल्ला दिला, त्याच्याविरुद्धच्या दाव्यात तोच सदस्य निवाड्याला बसणार नाही.

निवृत्तीनंतर सोव्हे यांनी फ्रान्सच्या कॅथलिक चर्चमधील लैंगिक अत्याचारांच्या स्वतंत्र चौकशी आयोगाचे नेतृत्व केले. १९५० पासून धर्मगुरूंनी सुमारे २,१६,००० अल्पवयीनांवर अत्याचार केल्याचा अंदाज ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात होता. त्यांच्यामागून आलेले ब्रुनो लासेर स्पर्धा नियामक संस्थेतून आले, तर जानेवारी २०२२ मध्ये नेमले गेलेले दिदिए ताब्युतो हे आरोग्य कायद्याचे जाणकार. बारोंपासून ताब्युतोंपर्यंत या पदावर एकही स्त्री आलेली नाही.