समुद्राने दार बदललं तेव्हा

बादलीत आधी नळाचं गार पाणी घेतलं, वर गिझरचं कढत पाणी सोडलं आणि हात फिरवायचा राहिला, की पहिला तांब्या पोळतो आणि तळाचे दोन तांबे अंगावर काटा आणतात. गरम पाणी हलकं, ते वरच बसतं. समुद्रही अशीच एक बादली आहे, फक्त सरासरी ३,७०० मीटर खोल. तिच्यात वरचं पाणी तळाला न्यायचं काम थंडी आणि मीठ करतात.

ग्रीनलंडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाच्या काठाला पाणी इतकं गारठतं, की जड होऊन बुडतं. मिठागरांत ऊन पाणी पळवतं आणि मीठ मागे ठेवतं. ध्रुवांकडे हेच काम बर्फ करतो. पाणी गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं, खालचं पाणी आणखी खारं, आणखी जड होतं. बुडालेलं पाणी पुन्हा वर यायला हजारेक वर्षं लागतात. तळाच्या जिवांना प्राणवायू मिळतो तो याच वाटेने.

पृथ्वी तापली तर ही वाट बंद पडेल का? याचं एक उत्तर ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी घडून गेलंय. (पारसिक बोगद्याच्या तोंडाशी लोकलमधून जो काळा कातळ दिसतो, तो लाव्हा थिजून तेव्हा सुमारे १ कोटी वर्षं झाली होती.) त्या वेळी काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आणि समुद्रात मिसळला, आणि तापमान ५-६ अंशांनी चढलं. शास्त्रज्ञ या घटनेला पॅलिओसीन-इओसीन थर्मल मॅक्झिमम म्हणतात.

इतक्या जुन्या पाण्याचा प्रवाह मोजायचा कसा? पाणी तर उरलं नाही, पण फोरामिनिफेरा उरले. वाळूच्या कणाएवढे हे एकपेशीय जीव तळाच्या चिखलात राहतात आणि भोवतालच्या पाण्यातला कार्बन घेऊन चुन्याचं कवच बांधतात. आता गंमत अशी, की वरून मेलेले जीव सतत खाली पडत असतात आणि कुजताना हलका कार्बन, म्हणजे कार्बन-१२, पाण्यात सोडतात. त्यामुळे पाणी जितके दिवस तळाशी मुरलेलं, तितका त्यात हलका कार्बन जास्त. थोडक्यात, कवचात पाण्याचं वय नोंदलं जातं. जिथलं पाणी सगळ्यांत ताजं, पाणी तळाला जाण्याचं दार त्याच बाजूला.

अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या फ्लाविया न्यून्स आणि रिचर्ड नॉरिस यांनी समुद्रतळावरच्या १४ ठिकाणच्या कवचांची अशी तुलना करून २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. तापमान चढण्याआधी ताजं पाणी दक्षिणेकडे बुडत होतं. तापल्यावर दक्षिणेचं दार मिटत गेलं आणि उत्तरेकडे उघडलं. ही अदलाबदल ५,००० वर्षांच्या आत झाली. म्हणूनच ‘प्रवाह बंद पडणार’ असा मथळा वाचला की मला तो अर्धवट वाटतो. प्रवाह थांबला नव्हता, उलटा फिरला होता. पण तळाशी राहणाऱ्यांना त्याचा काय दिलासा! गरम, कार्बनमुळे आंबट, प्राणवायू कमी झालेल्या त्या पाण्यात तळाच्या फोरामिनिफेरांच्या तीस ते पन्नास टक्के जाती संपल्या.

प्रवाह खरोखर मंदावल्याची उदाहरणं अलीकडची, हिमयुग ओसरतानाची आहेत. जुलैत खाडीचं पाणी मचूळ होतं, तसा वितळत्या बर्फाच्या गोड्या पाण्याने उत्तर अटलांटिकचा वरचा थर पातळ झाला. खारटपणा गेला, वजन गेलं, बुडणं मंदावलं. १२,९०० वर्षांपूर्वी, ऊब वाढत असतानाच, युरोप पुन्हा गारठला आणि हजाराहून जास्त वर्षं तसाच राहिला.

५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या घटनेत कार्बन वर्षाला १ अब्ज टनांच्या आसपास सुटत होता, असा एक अंदाज आहे. आपण आज सुमारे १० अब्ज टन सोडतो.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर २००३ मध्ये तळाला भोकं पाडून मातीचे लांब दंडगोल वर काढले. त्यांत चुनखडीचा फिका चिखल एका रेषेवर तुटतो आणि तांबडी माती सुरू होते, कारण आंबट पाण्याने कवचंच विरघळवली होती. त्या रेषेच्या वर मात्र फिका रंग हळूहळू, पुसट पुसट परततो. उत्तरेचं दार पुन्हा मिटून दक्षिणेचं उघडायलाही १ लाखाहून अधिक वर्षं लागली.