प्लास्टरचा तडा की पायाचा? जुनं घर विकताना हा फरक कळायला हवा

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर मे महिन्यात विकायला काढलं तेव्हा दादाने पहिलं काम काय केलं, तर पेंटर बोलावून सगळ्या तड्यांत पुट्टी भरून घेतली आणि वरून क्रीम कलर मारला. आठच दिवसांनी घेणाऱ्यांनी इंजिनिअर आणला, त्याने बोटांनी भिंत ठोकत ठोकत नेमक्या त्याच जागा शोधून काढल्या. वाईट याचं वाटलं की तेरापैकी बारा तडे नुसते प्लास्टरचे होते, ते लपवायचं काही कारणच नव्हतं. पण पुट्टी सगळ्यांवर एकसारखी, मग समोरच्याने सगळेच पायाचे धरले आणि तशीच किंमत पाडून मागितली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

प्लास्टरचा तडा ओळखायला सोपा असतो. केसासारखा बारीक, बहुतेक वेळा जाळ्यासारखा पसरलेला, त्याला ठराविक दिशा नसते. सिमेंट जास्त पडलं किंवा प्लास्टरला नीट पाणी मारलं नाही की ते वाळताना आकसतं आणि फाटतं. दुसरा प्रकार म्हणजे कॉलम आणि विटांच्या सांध्यावर उभी सरळ रेघ, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली आडवी रेघ. मेच्या उन्हात स्लॅब तापून पसरतो, खालची विटांची भिंत तेवढी पसरत नाही, म्हणून तिथे फाटतं. हा तडा भरला तरी परत येतो, त्यामुळे तिथे थोडा ताणला जाणारा फिलर लागतो. दिसायला वाईट, पण घराला सहसा धोका नाही.

पायाचा तडा मात्र तिरका जातो. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघतो, विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक असतो. आणि मुख्य खूण ही की तो भिंतीच्या पलीकडच्या बाजूलाही दिसतो. जोडीला जवळचं दार घासायला लागलेलं असेल तर शंका आणखी पक्की.

हे का होतं ते आपल्या मातीला विचारा. माळव्याबद्दल आपण कौतुकाने डग डग रोटी, पग पग नीर म्हणतो, पण ते नीर काळ्या मातीत मुरलं की माती फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की आकसते, जमिनीला भेगा पडतात त्या बघतोच आपण. जुन्या घरांचे पाये उथळ, म्हणजे ते याच हलत्या थरात बसलेले. बरं, सगळं घर एकसारखं वरखाली झालं असतं तर फारसं बिघडलं नसतं, पण मोरीचा पाइप फुटलेला असतो तो कोपरा बारा महिने ओला आणि बाकीचं घर कोरडं, मग भिंत मधेच फाटते. आमच्याकडे अगदी हेच होतं. अशा मातीत नव्या बांधकामाला साधारण साडेतीन मीटर खोल, खाली फुगीर बुंध्याचे पाइल्स, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात ते याचसाठी, तितक्या खोलवर ओलाव्यात ऋतूप्रमाणे फारसा फरक पडत नाही.

आता खरा घोळ. पायाचा तडा वैशाखात उघडतो आणि भाद्रपदात माती फुगली की बराचसा मिटतो. म्हणजे पावसाळ्यानंतर घर बघितलं तर तोच तडा प्लास्टरचा वाटतो. म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून ठरवू नका. एटीएम कार्डाची कड आत जाते का बघा, ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. पण रुंदीपेक्षा तडा हलतो का ते महत्त्वाचं, आत जात नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने टिंब काढायचं, मधलं अंतर मोजून शेजारी तारखेसकट लिहायचं आणि दर महिन्याला परत मोजायचं. काही इंजिनिअर काचेची पट्टी आडवी चिकटवतात, भिंत हलली की ती तडकते.

मग विकताना काय करायचं? प्लास्टरचे तडे मिस्त्रीकडून भरून घ्या किंवा तसेच ठेवा, पण त्यांच्यासाठी किंमत सोडू नका. पायाच्या तड्याचं उलट आहे, घाईघाईत तो भरायलाच जाऊ नका. एक पूर्ण वर्ष गेल्याशिवाय भरलेलं टिकलं की नाही ते कळत नाही, आणि तोवर घर दुसऱ्याचं झालेलं असतं. फुटका पाइप बदला, नाली दुरुस्त करा, भिंतीलगत उताराचा कोबा करा म्हणजे पाणी पायात मुरणार नाही, बिलं जपून ठेवा आणि उरलेल्या कामाचं एस्टिमेट घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करा.

आणि हे सांगणं चांगुलपणावर सोडलेलं नाही बरं का. 1882 च्या संपत्ती हस्तांतरण कायद्याचं कलम 55 आहे: मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजीने बघून त्याला कळण्यासारखाही नाही, तर विकणाऱ्याने तो सांगायचा, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. सांगितला नाही तर कायदा ती फसवणूक मानतो. पुट्टीखाली गाडलेला पायाचा तडा यात कुठे बसतो ते तुम्हीच बघा. म्हणून बयाना घेतानाच अनुबंधात, म्हणजे विक्रीच्या करारात, लिहून टाका की अमुक भिंतीत अमुक तडा आहे, दाखवला आहे आणि किंमत तो धरून ठरली आहे.

आम्ही शेवटी सगळी पुट्टी खरवडून काढली, दादाची तोंडं बघत. इंजिनिअर परत आला, बारा तडे त्याने स्वतःच यादीतून खोडले, तेरावा अनुबंधात गेला आणि तेवढ्यापुरतीच किंमत कमी झाली. रजिस्ट्री दिवाळीनंतर होती. त्याआधी घेणाऱ्या वहिनी घर बघायला आल्या, तडा बघून म्हणाल्या, अहो हे तर काहीच नाही, उगाच कमी केलेत पैसे. मी त्यांना जूनची पेन्सिलची टिंबं दाखवली आणि शेजारी लिहिलेला आकडा.