हनुमंताशेजारी लागलेलं पोस्टर

लाल मातीचा हौदा, भिंतीवर हनुमंत आणि कोपऱ्यात हातांच्या तेलाने काळे पडलेले मुद्गल. सोलापूरच्या जुन्या तालमींचं सामान साधारण एवढंच. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं नव्या पिढीला मिरवणुकीतल्या लेझमीमुळे ठाऊक आहेत, पण मुळात तिथे जोर-बैठका चालायच्या आणि अंगात आलेली ताकद कुस्तीत उतरायची. अंग कमवायचं ते लोकांपुढे उभं राहून दाखवण्यासाठी, ही कल्पना बाहेरून आली.

ती आणणाऱ्यांत पहिलं मोठं नाव युजीन सँडो या युरोपी बलवानाचं. त्याने १९०१ मध्ये लंडनला शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली आणि १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. पुढे बंगालच्या मनोतोष रॉय यांनी १९५१ मध्ये आणि मनोहर आइच यांनी १९५२ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपापल्या गटाचा किताब मिळवला. आइच यांची उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. ब्रिटिशांच्या तुरुंगात असताना त्यांनी व्यायाम वाढवला आणि २०१६ मध्ये १०४ व्या वर्षी ते गेले. आपल्या तालमींच्या भिंतींवर त्यांचा फोटो लागायला हवा होता. लागला तो पुढे हॉलिवूडचा नट झालेल्या ऑस्ट्रियाच्या अर्नोल्ड श्वार्झनेगरचा.

अर्नोल्ड १९६७ मध्ये विसाव्या वर्षी मिस्टर युनिव्हर्स झाला. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षं मिस्टर ऑलिंपिया ही व्यावसायिक शरीरसौष्ठवातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकून त्याने निवृत्ती जाहीर केली. आपल्याकडे तो पोचला त्यानंतर, व्हिडिओ कॅसेटमधून आणि रद्दीत मिळणाऱ्या इंग्रजी मासिकांतून. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर बाप टॉवेल-चादरी विणतोय आणि पोरगं रात्री तालमीत आरशासमोर डबल बायसेप्सची पोझ धरतंय, असं घरोघरी दिसायचं. खुराक म्हणजे भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगा, कडक भाकरी. परवडलं तर अंडी. पोस्टर खळीने चिकटवलेलं, कडा सुटलेल्या, आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वी पोरं हनुमंताला नमस्कार करून तोच हात पोस्टरलाही लावायची. ती श्रद्धा खरी होती, तिची टिंगल करणारे मला आवडत नाहीत.

त्या पोरांना जे कळलं नाही ते औषधाचं. सिबा या औषध कंपनीने डायनाबॉल हे स्नायू वाढवणारं स्टिरॉइड १९५८ मध्ये बाजारात आणलं आणि साठच्या दशकात पाश्चात्त्य शरीरसौष्ठवात स्टिरॉइड रुळून गेलं. आपणही ते घेतल्याचं अर्नोल्डने पुढे मान्य केलं. त्या काळी त्यावर बंदी नव्हती, हेही खरं. मग फसवणूक कुठे झाली? कबुली इंग्रजी मुलाखतीत राहिली आणि आमच्यापर्यंत पोचला तो फोटो आणि पावडरचा डबा. मिस्टर ऑलिंपिया सुरू करणारे जो वीडर हेच मासिकं काढत आणि हेच पावडरी विकत. त्यांच्या कंपनीच्या दोन उत्पादनांच्या जाहिराती दिशाभूल करतात, असा आक्षेप १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला. ती उत्पादनं स्नायू वाढवतात किंवा स्टिरॉइडची जागा घेतात असा दावा पुढे करणार नाही, हे कंपनीला मान्य करावं लागलं. ही बातमी रद्दीतल्या मासिकात छापून येणार नव्हती.

पोस्टरवरच्या श्रद्धेला दुसरा तडा सिडनीचा. निवृत्तीला पाच वर्षं झाल्यावर १९८० च्या ऑलिंपियात अर्नोल्ड ऐनवेळी उतरला आणि जिंकला. पायांची तयारी पूर्वीसारखी नव्हती, तरी किताब त्यालाच, म्हणून प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला. पाचव्या क्रमांकावर ढकलला गेलेला माइक मेंट्झर पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पंचाची नजर म्हणजेच निकाल. कुस्तीत वाढलेल्या गावाला हे पचणं अवघडच.

वस्तादांना मात्र तिसरी गोष्ट जास्त लागली. तालमीत ‘लंगोटाचा पक्का’ याहून मोठी पदवी नाही. घरी कामाला असलेल्या बाईपासून आपल्याला मुलगा आहे, हे अर्नोल्डने २०११ मध्ये कबूल केलं आणि हनुमंताशेजारची त्याची जागा गेली. माझ्या लेखी ती औषधावरून आधीच जायला हवी होती.

कारण औषधाने जीव जातो. स्टिरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं कृत्रिम रूप. ते बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयाची भिंत जाड होते आणि गोळ्यांनी यकृत बिघडतं. अर्नोल्डची १९९७ ची हृदयशस्त्रक्रिया यात धरू नये, त्याच्या झडपेचा दोष जन्मजात होता. धरायचं ते आंद्रेआस मुन्झरचं. हाही ऑस्ट्रियाचा, अर्नोल्डला आदर्श मानून वाढलेला. मार्च १९९६ मध्ये अर्नोल्डच्याच नावाने भरणाऱ्या स्पर्धेत तो उतरला आणि त्याच महिन्यात एकेक अवयव निकामी होऊन मरण पावला. वय ३१. यकृतात गाठी सापडल्या. मुन्झरबद्दल वाचल्यापासून मला ते पोस्टर पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

अर्नोल्ड आता तरुणांना औषधांपासून लांब राहा म्हणून सांगतो. चांगलं आहे, पण त्याचा किताब, सिनेमे आणि पैसा त्याआधीच पदरात पडलेला आहे. इकडे महाराष्ट्रातल्या जिमांमध्ये मेफेंटरमाइनची इंजेक्शनं आली आहेत. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब चढवण्यासाठी असतं. व्यायामाला चेव यावा म्हणून पोरं ते टोचून घेतात. उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये झाला खरा, पण चौकातल्या मंडळाने भरवलेल्या ‘श्री’ स्पर्धेत लघवीचा नमुना घ्यायला कोण येणार? मंडळं स्टेज, लाइट आणि पाहुण्यांच्या हारांवर खर्च करतात. निदान पहिल्या तिघांच्या तपासणीचे पैसे त्यातच धरावेत आणि तसं स्पर्धेच्या पत्रकावर आधी छापावं, ही माझी सोलापूरच्या मंडळांकडे मागणी आहे.