गाण्यात मोठं काय, शब्द की चाल? आधी स्वर किती वर गेलाय ते बघा

कोल्हापुरात देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफलीत बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं शास्त्रीय गाणं, रंगला की बंदिशीचे शब्द फारच थोड्यांना कळतात, तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान डोलते. पोवाड्यात मात्र शब्द निसटला की सगळंच निसटलं. दोन्हीकडचे कान तेच, मग फरक कुठं पडतो?

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वाक्यं, दहा चाली, अशी वाद्यांशिवाय गायलेली शंभर गाणी त्यांनी घेतली. आवाजातले क्षणाक्षणाचे चढउतार पुसट केले तेव्हा शब्द कळेनात, चाल मात्र ओळखू आली. वारंवारतेतले बारकावे पुसट केले तेव्हा नेमकं उलट झालं. मेंदूत शब्दांचा भार डाव्या श्रवणकेंद्रावर जास्त होता, चालीचा उजव्या.

म्हणजे दोघांचा कच्चा माल वेगळा. व्यंजन सेकंदाच्या काही शतांशांत संपतं, स्वर लांबवता येतो. विलंबित, म्हणजे संथ लयीत एकेक अक्षर अनेक स्वरांवर ताणलं जातं आणि पुढचं अक्षर येईपर्यंत मागचं विसरायला होतं. पोवाड्यात बहुधा एका अक्षराला एक-दोनच स्वर, म्हणून कथा पोचते.

उंच पट्टीत तर शब्दांचं काही चालतच नाही. गायिकेचा षड्ज, म्हणजे 'सा', पेटीच्या काळी पाचवर धरा, म्हणजे सुमारे २३३ हर्ट्झ. तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला 'प', गेला ७०० वर. 'ई' आणि 'ऊ' ओळखू येण्यात घशा-तोंडातल्या पोकळीच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या, अनुनादाचा मोठा वाटा असतो, आणि तो असतो साधारण ३०० ते ४००च्या घरात. गळ्यातून ७००च्या खाली काही निघतच नसेल, तर तो अनुनाद घुमवणार काय? त्यात वरचा स्वर मोकळा लागावा म्हणून जबडा उघडला जातो आणि 'ई' सरळ 'आ'कडं झुकते. तेव्हा चाल बांधताना महत्त्वाचा शब्द मध्य सप्तकात ठेवावा आणि तार सप्तकातला ठेहराव 'आ'वर द्यावा. पुष्कळ नव्या चाली इथंच फसतात.

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात शब्द बुडाले की खापर गायकावर फुटतं. बहुतेक वेळा दोषी असतो एको, म्हणजे आवाजाला मुद्दाम दिलेला प्रतिध्वनी. आधीच्या स्वराचं शेपूट पुढच्या व्यंजनावर पडतं. एको निम्म्यावर आणावा, गायकाचा आवाज २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात किंचित उचलावा आणि कीबोर्ड त्याच पट्ट्यात थोडा उतरवावा. नुसता व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही, गोंगाट तेवढा वाढतो.

आता आनंदाचं. २०११ मध्ये संगीत ऐकताना अंगावर काटा येणाऱ्यांचा मेंदू तपासला, तेव्हा डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, स्रवताना दिसलं. उत्कट जागेची चाहूल लागताच मेंदूच्या एका भागात आणि ती जागा आली की दुसऱ्या. सम येणार हे ठाऊक असून तिची वाट बघण्यात जी मजा असते, ती बहुधा हीच. त्या प्रयोगातलं संगीत निव्वळ वाद्यांचं होतं, एकही शब्द नव्हता. त्यामुळं निव्वळ सुखाच्या हिशेबात आमचं माप चालीच्या पारड्यात.

दुःखाचा हिशेब मात्र वेगळा. २००६च्या एका अभ्यासात तीच चाल शब्दांसह आणि शब्दांविना ऐकवली. आनंदी आणि शांत चालींचा भाव शब्दांनी फिका केला, उदास आणि रागीट चालींचा गडद केला. वरातीतल्या बेंजोला गायक नसला तरी पोरं नाचतात. विरहाचं भावगीत त्याच बेंजोवर वाजवलं, तर कोण कुणासाठी झुरतंय ते कळणार कसं?